ग्रँड आय टेनचा एसी फिल्टर घरीच बदलायचाय, कुणी केलंय का?

मोशीकर

नमस्कार मंडळी, थोडी मदत हवीय. माझी २०१७ची ग्रँड आय टेन आहे, पेट्रोल. राहायला मोशी, काम चाकण एमआयडीसीत, म्हणजे रोज नाशिक रोड. हा रस्ता ज्यांच्या पायाखालचा आहे त्यांना धुळीचं वेगळं सांगायला नको, डंपर, कंटेनर, दोन्ही बाजूंना बांधकामं आणि वारं फिरलं की कचरा डेपोचा वास.

गेला महिनाभर असं होतंय की ब्लोअर ३ वर ठेवला तरी हवा १ वर असल्यासारखी येते, आवाज मात्र ३चाच. सकाळी एसी लावला की पहिली दोनेक मिनिटं ओल्या फडक्यासारखा कुबट वास येतो, मग जातो. मला हे चाललंही असतं एक वेळ, पण मुलगी सहा वर्षांची आहे, गाडीत बसली की दहा मिनिटांत शिंका सुरू. डॉक्टरांनी धुळीची अॅलर्जी सांगितलीय, त्यामुळे हे आता पुढं ढकलायचं नाहीये.

मागच्या सर्व्हिसच्या बिलात एसी फिल्टरची ओळ आहे, पैसेही लागलेत, पण जुना फिल्टर कुणी दाखवला नाही आणि तेव्हा विचारायचं सुचलंही नाही. आता परत तिकडे गाडी टाकून दिवस घालवण्यापेक्षा घरीच बदलावा असं डोक्यात आहे, व्हिडिओ बघितले दोन-चार पण प्रत्येकात गाडी वेगळी. तर ग्रँड आय टेनला हे घरी जमतं का, काही तुटण्याची भीती आहे का, साधा घ्यावा की तो काळा कार्बनवाला घ्यावा, आणि गॅरेजवाला म्हणतो जुनाच हवा मारून परत बसवतो, ते चालतं का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा.

कर्वेनगरची

दादा, अगदी जमतं. माझ्याकडे स्विफ्ट आहे, मी स्वतः बदलते, स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लागत नाही. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या दोन्ही भिंती आत दाबल्या की तो खाली येतो, मागं फिल्टरचं झाकण. तुमच्या गाडीत थोडं वेगळं असेल, हुंडाईवाले सांगतीलच. पण भीती मनातून काढा. आणि मुलीच्या शिंकांचं लिहिलंत म्हणून सांगते, माझ्या आईला गाजर गवताची अॅलर्जी आहे, दिवाळीच्या आधी मोकळ्या प्लॉटांवर जिकडे तिकडे ते फुललेलं असतं तेव्हा नवा फिल्टर टाकला की तिला गाडीत नक्की फरक पडतो. घरातली मूठभर धूळ आपण रोज झाडून काढतो, गाडीतली कुणाच्या ध्यानातच येत नाही.

घाटमाथा

मोशीकर, माझ्याकडे हीच गाडी आहे, २०१६ची. सविस्तर लिहितो, लांबेल, पण एकदा नीट वाचून घ्या म्हणजे हातात काम घेतल्यावर अडणार नाही.

आधी गाडी बंद, चावी काढून. शक्यतो गाडी उन्हात थोडी उभी राहिलेली असताना करा, थंडीत सकाळी सकाळी करू नका, प्लॅस्टिक कडक असतं आणि क्लिपा अशा वेळीच तुटतात. डावीकडची सीट पूर्ण मागं सरकवा, खालच्या मॅटवर जुनी चादर टाका कारण फिल्टर ओढताना त्याच्यावरचं सगळं खाली सांडतं, आणि तोंडाला मास्क बांधा. हा मास्क कुणी बांधत नाही पण तुमच्या घरात अॅलर्जी आहे, तर मुलीलाही त्या वेळी आसपास येऊ देऊ नका, काम झाल्यावर चादर बाहेर झटका.

ग्लोव्ह बॉक्स उघडा, आतलं सामान सगळं काढा. आतल्या दोन्ही बाजूच्या भिंतींवर एकेक गोल प्लॅस्टिकचा स्टॉपर दिसेल. तो थोडा फिरवून आत ओढला की निघतो. काही मॉडेलला एका बाजूनं बारीक दोरी किंवा रॉडही असतो, असेल तर तो आधी सोडवा, कारण तो तसाच ठेवून बॉक्स खाली ढकलला तर तो ताणला जातो. दोन्ही स्टॉपर निघाले की बॉक्स खालच्या बिजागरीवर सरळ खाली लोंबतो, पूर्ण काढायची गरजच नाही. आता मागं हात घातला की समोर आडवं, लांबट काळं झाकण दिसेल, त्याला बाजूला लॉक आहे, ते दाबून ओढायचं. फिल्टर त्याच्या मागं ड्रॉवरसारखा सपाट ठेवलेला असतो, सावकाश, सपाटच बाहेर ओढा. तिरका ओढलात तर वरचा कचरा आत सांडेल.

आता महत्त्वाचं. या गाडीत फिल्टरच्या बरोबर खाली ब्लोअरचा पंखा आहे. म्हणजे फिल्टर काढल्यावर ती खाच उघडी असते आणि वरून एखादं पान पडलं तर थेट पंख्यात. मग ब्लोअर लावला की फरफर फरफर आवाज, आणि ते पान काढायला ब्लोअर उतरवावा लागतो. म्हणून फिल्टर बाहेर असताना ब्लोअर अजिबात चालू करायचा नाही आणि खाच साफ करायची ती व्हॅक्यूमच्या बारीक नळीनं, किंवा ओलसर फडकं बोटाला गुंडाळून. फुंकर मारायची नाही, फडक्यानं आत ढकलायचं नाही, कचरा कायम आपल्याकडे ओढायचा.

नवा फिल्टर बसवताना त्याच्या कडेला बाण छापलेला असतो, या गाडीत तो बाण खाली. हुंडाईच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय की बाण खालच्या दिशेनं ठेवा, नाहीतर एसीचा परिणाम कमी होतो आणि आवाजही येऊ शकतो. आत सरकवताना फिल्टरच्या कडा कुठं दुमडत नाहीत ना हे बोट फिरवून बघा. फिल्टर कितीही भारी घेतलात आणि कडेला दोन मिलिमीटरची फट राहिली तर हवा त्या फटीतूनच जाणार, कारण हवेला सोपा रस्ता तोच. मग झाकण दोन्ही बाजूंनी टक् असा आवाज येईपर्यंत दाबा, दोरी असेल तर अडकवा, स्टॉपर लावा, बॉक्स बंद.

आणि एक सवय लावून घ्या, नवा फिल्टर आत घालण्याआधी मार्करनं त्याच्या कडेवर तारीख आणि किलोमीटर लिहा. पुढच्या वेळी सर्व्हिसला गाडी दिली आणि बिलात फिल्टरची ओळ आली की घरी येऊन बॉक्स उघडून बघायचं. वाद घालायची वेळच येत नाही. माझ्या मते घरी करण्याचा खरा फायदा दोनशे-तीनशे रुपये वाचणं हा नाहीच, मनात आलं की दोन-तीन महिन्यांनी उघडून बघता येतं हा आहे. फिल्टर कसा दिसतोय हे ज्याच्या डोळ्यासमोर आहे त्याला किलोमीटर मोजत बसावं लागत नाही.

तांबडा_रस्सा

भावा, एवढं कशाला करायचं. टायरच्या दुकानात जायचं, हवेची गन घ्यायची, उलट्या बाजूनं फुर्र करून हवा मारायची, सगळी धूळ जाते. मी तर दोन वेळा साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवून बसवलाय, नव्यासारखा निघाला. वर्षाला नवा नवा घेणं म्हणजे कंपनीला पैसे घालणं आहे. ऊस तोडणी चालू झाली की आमच्याकडं पाचट पेटवतात, कारखान्याची काजळी उडते, मग काय दर महिन्याला नवा आणायचा का?

निऱ्यांचा_हिशोब

तांबडा रस्सा भाऊ, या एका गोष्टीवर मात्र मला बोलायलाच हवं, कारण मी फिल्टर बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे, रोज हेच बघतो.

केबिन फिल्टरचं, म्हणजे याच एसी फिल्टरचं कापड म्हणजे विणलेलं कापड नव्हे, बारीक बारीक प्लॅस्टिकच्या तंतूंची गादी असते. हे तंतू बनवताना त्यांना स्थिर विजेचा भार दिलेला असतो. तंतूंमधल्या मोकळ्या जागा धुळीच्या बारीक कणांपेक्षा कितीतरी मोठ्या असतात, तरी कण अडकतो तो या भारामुळं, तंतू त्याला खेचून धरतो. म्हणून एवढ्या पातळ फिल्टरमधून हवाही मोकळी जाते आणि धूळही अडते. आता साबणाच्या पाण्यात घातला की हा भार उतरतो. वाळवल्यावर फिल्टर पांढरा दिसतो, हवा पण छान येते, पण जो बारीक कण आधी अडकत होता तो आता आरपार जातो. डोळ्याला दिसतं ते मोठ्या धुळीचं, आणि आजारी पाडते ती न दिसणारी.

हवेच्या गनचंही तेच. टायरच्या दुकानातला कॉम्प्रेसर जोराचा असतो, तो फिल्टरच्या तोंडाशी धरला की तंतू फाकतात, निऱ्यांचा, म्हणजे कापडाच्या घड्यांचा डिंक सुटतो, कधी बारीक भोकं पडतात. उजेडाकडे धरून बघा, ठिपके दिसले तर तो फिल्टर संपला. पानं, पिसं, मोठा कचरा हातानं उचलून, जमिनीवर हलकेच आपटून काढला तर काही बिघडत नाही, तेवढ्यानं महिना-दोन महिने निघतात. पण त्याला नवा झाला असं समजू नका.

इंजिनचा एअर फिल्टर आणि हा फिल्टर यांची गल्लत होते म्हणून पण लोक हवा मारतात. इंजिनच्या फिल्टरला कागद असतो, त्याला हलकी हवा मारायची पद्धत जुनी आहे. इथं ती लावू नका. काजळीच्या दिवसांत पैसे वाचवायचे असतील तर दुसरा उपाय आहे, पाचट पेटलेली दिसली की काच बंद आणि रिसर्क्युलेशनचं बटण दाबा. आतलीच हवा फिरते, फिल्टरवर बाहेरचा मारा थांबतो. फडातून बाहेर आलात की परत बाहेरची हवा चालू करा.

तांबडा_रस्सा

विजेचं हे माहीत नव्हतं. पण मग कार्बनवाला धुतला तर? तो तर कोळसाच आहे.

निऱ्यांचा_हिशोब

तो तर अजिबातच नाही. त्यात दोन कापडांच्या मध्ये सक्रिय कार्बनचे बारीक दाणे असतात. त्या दाण्यांच्या पृष्ठभागावर असंख्य छिद्रं असतात, वासाचे आणि वायूंचे रेणू त्यांत धरले जातात, नायट्रोजन डायॉक्साइड, सल्फर डायॉक्साइड, डिझेलचा, ड्रेनेजचा वास. छिद्रं भरली की काम संपलं, मग हवा मारा, ऊन दाखवा, काही होत नाही. धुळीनं चोंदायच्या आधीच त्याचा कार्बन संपलेला असू शकतो, म्हणजे हवा येतेय पण वास परत यायला लागला की बदलायची वेळ झाली असं समजा.

आणि एक फार महत्त्वाचं, जीवाशी संबंध आहे म्हणून लिहितो. कार्बन फिल्टर कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. कुठलाच केबिन फिल्टर अडवत नाही. बंद शटरच्या गॅरेजमध्ये, बेसमेंटच्या कोपऱ्यात इंजिन चालू ठेवून एसी लावून झोपणं किंवा मुलांना बसवून ठेवणं कधीही करू नका, फिल्टर कितीही महागाचा असो. त्या वायूला वासही नसतो.

मोशीकर

वा, एवढं सगळं एका ठिकाणी कुठंच वाचायला मिळालं नव्हतं. मग माझ्यासाठी साधा की कार्बन? आणि रिसर्क्युलेशनवर ठेवलं तर हवा फिल्टरमधून जाते का? मुलगी असताना मी कायम तेच लावतो.

निऱ्यांचा_हिशोब

शिंका फक्त धूळ आणि परागामुळं असतील तर चांगला साधा फिल्टरही पुरतो, परागकण साधारण १० मायक्रॉनच्या वरचे असतात, ते सहज अडतात. पण तुम्ही डंपरच्या धुरात आणि डेपोच्या वासात रोज गाडी चालवताय, तर कार्बन घ्या. किमतीत दीडशे-तीनशेचा फरक पडेल, ब्रँड आणि दुकानाप्रमाणे. ओरिजिनल मोबिसचा (हुंडाईचे सुटे भाग पुरवणारी कंपनी) घ्या किंवा बॉश, माहले, प्युरोलेटर यांपैकी, नाना पेठेत मिळून जाईल. चासी नंबर किंवा आरसीचा फोटो जवळ ठेवा, ग्रँड आय टेन आणि नंतर आलेली ग्रँड आय टेन नियॉस यांत दुकानदार गल्लत करतात.

हातात घेतल्यावर तीन गोष्टी बघा. निऱ्या सरळ आणि सारख्या अंतरावर आहेत का, चारी कडेची पट्टी घट्ट चिकटलीय का, आणि कार्बनचा असेल तर पाकिटातून काढल्यावर काळी भुकटी हाताला भरपूर लागते का. थोडी लागली तर ठीक, पण झटकल्यावर दाणे गळत असतील तर परत करा, तेच दाणे उद्या ब्लोअरमधून तुमच्या नाकात. आणि नुसता करडा रंग दिलेला कापडी फिल्टर कार्बन म्हणून विकतात, त्यात दाणे बोटाला जाणवत नाहीत आणि वजन साध्याएवढंच असतं.

रिसर्क्युलेशनचं म्हणाल तर तुमच्या गाडीत बाहेरची आणि आतली, दोन्ही हवा फिल्टरमधूनच ब्लोअरकडे जाते, मॅन्युअलमध्ये आकृती आहे. त्यामुळं आतली हवा फिरत राहिली की दर फेरीला थोडी स्वच्छ होत जाते, मुलीसाठी ते चांगलंच. फक्त लांबच्या प्रवासात चार माणसं आणि काचा बंद असतील तर आत आपल्याच श्वासाचा कार्बन डायॉक्साइड साठतो, जडपणा येतो, झोप येते. तो फिल्टर काढू शकत नाही. मोकळा रस्ता लागला की अधूनमधून पाच-दहा मिनिटं बाहेरची हवा घ्या.

कोळसापट्टा_चंद्रपूर

आमच्याकडून पण लिहितो भाऊ. घुग्घुसच्या रोडनं रोज येणं-जाणं आहे, कोळशाच्या गाड्या ताडपत्री न टाकता चालतात, वरून पॉवर स्टेशनची राख. मॅन्युअलमध्ये काही लिहिलं असो, १० हजार किलोमीटर म्हणा की १५ हजार म्हणा, ते चांगल्या रस्त्याचं आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात तीन महिन्यांत फिल्टर पूर्ण काळा होते, हात लावला की बोटं काळी. म्हणून मी किलोमीटर पाहतच नाही, दर सहा महिन्यांनी टाकतो, एक होळी झाल्यावर आणि एक दिवाळीच्या आधी. पाहुणे नागपूरवरून येतात, त्यांच्या गाडीचा फिल्टर वर्षाचा असून माझ्या सहा महिन्यांच्या फिल्टरपेक्षा पांढरा असते. ज्याच्या त्याच्या रस्त्यावर आहे सगळं. चाकणवाल्यांनी पण वर्षाची वाट पाहू नये असं माझं मत आहे.

आणखी एक, फिल्टर चोंदला की इकडे ४५च्या वर गेलेल्या उन्हात एसी थंड होत नाही असं वाटते आणि लोक सरळ गॅस भरून घेतात. गॅस पुरेसा असते, हवाच येत नसते. गॅसचे पैसे द्यायच्या आधी फिल्टर काढून पाहायचा. फिल्टर नवा असून पण हवा थंड नसली तर मग पुढचं.

आंबोली_घाट

आमच्या बाजूचं दुखणं वेगळं, धूळ कमी पण ओल फार. आंबोलीचा पाऊस कसा असतो ते माहीत आहेच. पावसात पुढची काच आतून धुकटते आणि समोरचं काही दिसत नाही, लोक फडक्यानं पुसत गाडी चालवतात, घाटात हे फार धोक्याचं आहे. फिल्टर चोंदलेला असला की काचेवर हवाच पुरेशी जात नाही. पाऊस सुरू व्हायच्या आधी मे अखेरीस फिल्टर बघायचा, आणि पावसात काचेवरची हवा, एसी चालू, बाहेरची हवा, असं ठेवायचं. एसी हवेतली ओल काढून घेतो. त्यात आतली हवा फिरवत ठेवली तर काच परत परत धुकटते.

दुसरं म्हणजे उंदीर. पावसात गाडी दहा-पंधरा दिवस एका जागी राहिली की वायपरखालच्या जाळीतून उंदीर आत शिरतो आणि फिल्टर कुरतडून त्याचाच कापूस करून घर करतो. शेजाऱ्यांच्या गाडीत फिल्टर ओढला तर अर्धाच हातात आला, बाकी सगळा चोथा, वर सुपारीची सालं आणि लेंड्या. आमच्या जिल्ह्यात लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची भीती असते, म्हणून असं काही दिसलं तर उघड्या हातानं अजिबात काढू नका. रबरी हातमोजे, मास्क, आणि कोरडं झाडू नका, धुरळा उडतो. जंतुनाशक शिंपडून ओलं करा, थोडा वेळ थांबा, मग उचला. ब्लोअरमध्ये पण गेलेलं असेल तर गॅरेजला द्या, आणि तिथं नेईपर्यंत ब्लोअर लावू नका. वायपरखालची जाळी फाटली असेल तर तीही बदलून घ्या, नाहीतर नवा फिल्टर पण तसाच जाणार.

नोएडाकर_मराठी

इकडे नोव्हेंबर ते जानेवारी हवा कशी असते ते बातम्यांत दिसतंच, देशाच्या मानकाप्रमाणे पीएम २.५ (हवेतले अतिबारीक धूलिकण) चोवीस तासांच्या सरासरीत दर घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅमच्या आत हवं आणि हिवाळ्यात ते बरेच दिवस त्याच्या कितीतरी वर असतं. त्यामुळं इथं सगळे हेपा, हेपा (अतिबारीक कणही अडवणारा दाट फिल्टर) करत भारी फिल्टर टाकतात. अनुभव सांगतो, जाड फिल्टर टाकला की ब्लोअरची हवा कमी होते, छोट्या गाडीत जास्तच, मग माणूस कंटाळून काच उघडतो आणि सगळंच वाया. त्यापेक्षा चांगला कार्बनचा, नीट बसलेला, वेळेवर बदललेला. घाटमाथा यांनी कडेच्या फटीचं लिहिलंय ते लाखमोलाचं आहे, माझ्या गाडीत स्वस्तातला फिल्टर एका बाजूनं आखूड होता, बसवल्यावर दिसत पण नव्हतं.

मोशीकर

मंडळी, आज सकाळी करून टाकलं. कार्बनवाला आणला होता. घाटमाथा, तुम्ही लिहिल्याप्रमाणे स्टॉपर फिरवून ओढले, डावीकडचा जरा घट्ट होता पण निघाला. माझ्या गाडीत दोरी नव्हती.

जुना फिल्टर बघून बायको आणि मी दोघंही गप्प झालो. वरची बाजू राखाडी चिखल वाळल्यासारखी, निऱ्यांच्या मधे गुलमोहराची बारीक पानं ठासून भरलेली, सोसायटीत गाडी त्याच झाडाखाली लावतो. एका कोपऱ्यात कडुनिंबाची फुलं, एक माशी, सिमेंटचे खडे झालेले बारीक दाणे. कडेवर कंपनीचा छाप होता, म्हणजे हा गाडीबरोबर आलेलाच असावा असं वाटतंय, बिलातली ओळ काहीही म्हणो. बिल आणि फोटो घेऊन तिथल्या मॅनेजरला भेटणार आहे, भांडायचं नाहीये, पण त्यांना कळायला हवं की त्या पैशांत एका लहान मुलीच्या श्वासाचा प्रश्न होता.

हवा आता २ वर आधीच्या ४पेक्षा जास्त येते. मुलीला संध्याकाळी आळंदीपर्यंत फिरवून आणली, शिंका एक-दोनच. एका फेरीवरून काही म्हणत नाही, पण बरं वाटलं. गाडी आता त्या झाडाखाली लावणार नाही आणि वायपरखालच्या जाळीतली पानं दर रविवारी गाडी धुताना हातानं काढायचं ठरवलंय.

एक गोष्ट मात्र राहिलीय. सकाळचा कुबट वास कमी झाला पण पूर्ण गेला नाही. पहिला अर्धा मिनिट येतोच.

घाटमाथा

झकास काम केलंत. तो वास आता फिल्टरचा नाही, कूलिंग कॉइलचा आहे. एसी चालू असताना कॉइलवर पाणी धरतं, गाडी बंद केली की ते तसंच ओलं राहतं, त्यावर चोंदलेल्या फिल्टरच्या काळातली बारीक धूळ बसलेली, मग बुरशी धरते. सकाळी पहिली हवा त्याच्यावरून येते.

आधी ड्रेन, म्हणजे कॉइलचं पाणी बाहेर सोडणारी वाट बघा. एसी वीस-पंचवीस मिनिटं चालवा, गाडी सपाट जागी उभी करा आणि डाव्या बाजूला पुढं खाली पाणी ठिबकतंय का बघा. दमट हवेत अजिबात ठिबकत नसेल किंवा डावीकडच्या मॅटखाली ओल असेल तर ड्रेनचा पाइप तुंबलाय, तो आधी मोकळा करून घ्या. पाणी नीट जात असेल तर कॉइल साफ करायचा फोम मिळतो. पण तो फिल्टरच्या खाचेतून वरून मारू नका, तुमच्या गाडीत त्याच्या खालीच ब्लोअरची मोटर आहे. डब्याबरोबर लांब नळी येते, ती खालून ड्रेनच्या पाइपमधून वर घालून फोम सोडतात, थोड्या वेळानं काळं पाणी होऊन तो त्याच वाटेनं खाली उतरतो. गाडीखाली जायला जमत नसेल तर हे एवढं एक काम समोर उभं राहून एसीच्या मेकॅनिककडून करून घ्या, आणि दारं चारही उघडी ठेवून नंतर ब्लोअर चालवा. त्या दिवशी मुलीला गाडीत बसवू नका, फोमचा वास उग्र असतो.

त्यानंतर घर यायच्या तीन-चार मिनिटं आधी एसीचं बटण बंद करायचं, ब्लोअर चालू ठेवायचा, बाहेरची हवा. कॉइल वाळते.

कर्वेनगरची

हे शेवटचं मी पण करते, वास परत आला नाहीये. मॅनेजरला भेटलात की काय म्हणाले ते लिहा दादा. आणि नव्या फिल्टरवर तारीख टाकलीत ना?

मोशीकर

टाकली ताई, तारीख आणि किलोमीटर दोन्ही. आत्ता खाली जाऊन बघून आलो, पाणी ठिबकतंय पण फार हळू, डावीकडच्या मॅटखाली हात घातला तर कोपरा किंचित ओलसर लागला. म्हणजे आधी पाइप. शनिवारी चिखलीत एक एसीवाला आहे त्याच्याकडे जातोय, पाइप मोकळा करून मग फोम.